मुक्यांना वाचा फुटते तेव्हा

नभोवाणीवर बोलणाऱ्या माणसाला आपला श्रोता कधी दिसत नाही. तो ध्वनिक्षेपकापुढे बसून बोलतो. त्याचे शब्द कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या माजघरात, कोणत्या गावच्या चावडीवर जाऊन पडले हे त्याला कळत नाही. म्हणूनच आजच्या विषयाचा आरंभ एका नभोवाणी-केंद्रापासून करावा असे मला वाटते.

मध्य अमेरिकेत एल् साल्वादोर नावाचा एक चिमुकला देश आहे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम २१ हजार चौरस किलोमीटर. १९७७ ते १९८० या तीन वर्षांत या देशात दर रविवारी सकाळी एक विलक्षण गोष्ट घडत असे. राजधानीतल्या मुख्य चर्चमध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो प्रवचन करीत आणि धर्मप्रांताच्या लहानशा केंद्रावरून ते देशभर ऐकू येई. सांगतात की, त्या वेळी एखाद्या खेड्याच्या रस्त्याने चालत गेलेल्या माणसाचाही त्यातला एक शब्द चुकत नसे. कारण दर घरातून तोच आवाज बाहेर येत असे. प्रवचन तासाहून अधिक चाले. प्रथम शास्त्रपाठाचे विवरण होई आणि नंतर त्या आठवड्याची हकीकत सांगितली जाई : कोणत्या गावात कोण मारला गेला, कोणाला सैनिकांनी उचलून नेले, कोणाचा पत्ता लागत नाही. नावे घेऊन ही यादी वाचली जाई. ज्या मृत्यूंची वर्तमानपत्रांत एक ओळही येत नसे, ते मृत्यू देवाच्या वेदीसमोर उच्चारले जात.

या केंद्रावर अनेक वेळा बाँबस्फोट झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये तर ते पार उद्ध्वस्त करण्यात आले. आता विचार करण्याजोगा प्रश्न हा की, एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या धर्मगुरूच्या रविवारच्या प्रवचनावर बाँब टाकावा असे कोणाला का वाटावे? चर्च काही त्या देशात नवे नव्हते. चारशे-साडेचारशे वर्षे तेथे प्रवचने होतच होती. त्या प्रवचनांनी कधी कोणाची झोप उडाली नव्हती. मग याच प्रवचनात असे काय होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे आपण ज्या विचारापाशी येऊन पोहोचतो, त्याला 'लिबरेशन थिऑलॉजी' असे नाव आहे. मराठीत आपण त्याला मुक्तीचे ईश्वरविज्ञान म्हणू. नाव भारदस्त आहे, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न अगदी साधा आहे. देव सर्वांचा पिता असेल, तर त्याची काही लेकरे उपाशी का, आणि हे कोणी केले?

हा प्रश्न लॅटिन अमेरिकेत नवा नाही. तो त्या खंडातल्या ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. कोलंबस १४९२ मध्ये त्या बेटांवर उतरला, आणि त्याच्यामागून तलवार व क्रूस ही दोन्ही एकाच गलबतातून तेथे पोहोचली. जिंकलेल्या मुलखातले मूळ रहिवासी स्पॅनिश वसाहतवाल्यांच्या हवाली करण्याची एक पद्धत सुरू झाली. तिचे नाव 'एन्कोमिएन्दा', म्हणजे सोपवणूक. कागदावर असे लिहिलेले असे की, धन्याने या लोकांचे रक्षण करावे, त्यांना खरा धर्म शिकवावा आणि त्यांनी त्याच्याकडे श्रम करावेत. प्रत्यक्षात धर्म कागदावर राहिला आणि श्रम तेवढे उरले. सोन्याच्या खाणींत आणि शेतांवर माणसे किड्यामुंगीसारखी मेली.

२१ डिसेंबर १५११, नाताळापूर्वीचा रविवार. हिस्पानिओला बेटावर सांतो दोमिंगो येथील गवताने शाकारलेल्या चर्चमध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस नावाचा एक डॉमिनिकन साधू प्रवचनास उभा राहिला. समोर बेटावरची सारी प्रतिष्ठित मंडळी बसली होती. खुद्द कोलंबसाचा मुलगा दिएगो, जो त्या वेळी तेथील कारभार पाहत होता, तोही होता. मोंतेसिनोसने त्यांना सरळ विचारले की, कोणत्या अधिकाराने तुम्ही या लोकांना गुलाम केले, आणि ही माणसे नव्हेत काय? श्रोते संतापले. प्रवचन मागे घ्या, असा तगादा त्यांनी साधूंच्या मठाकडे लावला. पुढच्या रविवारी सर्वजण माफी ऐकायला जमले, तेव्हा त्याने तीच गोष्ट अधिक कठोर शब्दांत पुन्हा सांगितली. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, हे प्रवचन त्या एकट्याचे नव्हते. त्याच्या बंधू-साधूंनी ते मिळून विचारपूर्वक तयार केले होते.

या प्रवचनाचा वृत्तान्त आपल्यापर्यंत पोहोचला तो बार्तोलोमे दे लास कासास याच्या लेखणीतून. हा धर्मगुरू स्वतःच एक जमीनदार होता. त्याच्याही ताब्यात मूळ रहिवासी सोपविलेले होते. १५१४ मध्ये क्यूबात एका सणाच्या प्रवचनाची तयारी करताना, गरिबाच्या तोंडचे हिरावून घेऊन केलेले अर्पण देवाला रुचत नाही, अशा अर्थाच्या शास्त्रवचनापाशी तो अडला. वचन त्याने पूर्वीही वाचले असेल. परंतु त्या दिवशी ते त्याने आपल्या स्वतःच्या कोठाराकडे पाहत वाचले. त्याने आपल्या ताब्यातील माणसे मोकळी केली आणि उरलेले दीर्घ आयुष्य त्यांची बाजू मांडण्यात घालविले. तोही चुकला. मूळ रहिवाशांचे हाल थांबावेत म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणावेत, अशी सूचना त्याने आरंभी केली होती, आणि पुढे तिचा त्याला जन्मभर पश्चात्ताप झाला. एकाची बेडी काढून ती दुसऱ्याच्या पायात घालणे याला मुक्ती म्हणत नाहीत, हा धडा त्याला फार उशिरा मिळाला. या धड्याची आपल्याला पुढे आठवण होणार आहे.

मोंतेसिनोस आणि लास कासास हे मात्र अपवाद. नियम निराळा होता. पुढची साडेचार शतके सामान्यतः चर्च, सैन्य आणि जमीनदार यांचे मेतकूट जमलेले राहिले. एकोणिसाव्या शतकात स्पेनची सत्ता गेली. पण जमीन कसणाऱ्यांना मिळाली नाही. एल् साल्वादोरचेच उदाहरण घ्या. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत गावांच्या सामाईक जमिनी कायद्याने मोडीत काढण्यात आल्या आणि त्या कॉफीच्या मळेवाल्यांच्या हाती गेल्या. देश चौदा घराण्यांचा आहे, असे तेथे म्हटले जाई. १९३२ मध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला, तेव्हा कित्येक हजार माणसे काही आठवड्यांत कापून काढण्यात आली. आणि या सर्व काळात गरिबाला चर्चमध्ये काय सांगितले जाई? सोस बाबा, हे तुझे दैव आहे. तुझा वाटा परलोकी राखून ठेवलेला आहे.

या ठिकाणी दानधर्माबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. चर्चने दानधर्म केला नाही असे नाही. अनाथालये, रुग्णालये, शाळा त्याने चालविल्या आणि त्यांत निष्ठेने खपणारी माणसे होती. परंतु ब्राझीलमधील रेसीफे येथील आर्चबिशप दों एल्देर कामारा यांनी या दानधर्माचे मर्म एका वाक्यात उघडे केले. ते म्हणत की, मी भुकेल्याला अन्न देतो तेव्हा लोक मला संत म्हणतात; तो भुकेला का, असे विचारतो तेव्हा मला कम्युनिस्ट म्हणतात. या दोन प्रश्नांमधले अंतर ओलांडणे हेच मुक्तीच्या ईश्वरविज्ञानाचे काम होते.

ते ओलांडण्याचा क्षण विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात आला. रोमच्या चर्चने १९६२ ते १९६५ या काळात भरविलेल्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगाकडे दारे उघडली. १९६८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लॅटिन अमेरिकेतील बिशप कोलंबियातील मेदेयीन शहरी जमले. तेथे त्यांनी जे निवेदन काढले, त्यात खंडातील दारिद्र्याला अन्याय असे स्पष्ट नाव दिले. इतकेच नव्हे, तर समाजाची घडणच अशी असते की ती माणसाला रोज थोडेथोडे मारते आणि ही हिंसाच होय, असेही म्हटले. बंदुकीची हिंसा सर्वांना दिसते. औषधावाचून मेलेल्या मुलाची हिंसा कोणाच्याच नावावर लिहिली जात नाही. बिशपांनी ती लिहिली.

मेदेयीनमागे जी माणसे होती, त्यांत पेरू देशातील गुस्तावो गुतियेरेस हे एक तरुण धर्मगुरू होते. त्यांचा जन्म १९२८ मध्ये लिमा शहरात झाला. मिश्र वंशातला, साध्या घरचा मुलगा. बालपणी हाडांच्या विकाराने अनेक वर्षे अंथरुणावर आणि चाकांच्या खुर्चीत काढलेली. प्रथम वैद्यक शिकले, मग धर्मगुरू होण्यासाठी युरोपात गेले आणि परत आल्यावर लिमातील रिमाक या गरीब वस्तीत राहून काम करू लागले. १९७१ मध्ये त्यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच्या नावावरूनच या साऱ्या विचारसरणीला नाव मिळाले.

गुतियेरेस यांचे म्हणणे थोडक्यात असे. युरोपातील ईश्वरविज्ञानापुढे नास्तिकाचा प्रश्न असतो : विज्ञानाच्या युगात, ज्याची श्रद्धा उडाली आहे अशा माणसाशी देवाविषयी कसे बोलावे? आमच्यापुढचा माणूस नास्तिक नाही. तो श्रद्धाळूच आहे. पण जगाच्या हिशेबात तो माणूसच नाही. ज्याला कोणी माणूस म्हणून मोजत नाही, त्याला 'देव तुझ्यावर प्रेम करतो' हे कोणत्या तोंडाने सांगावे? हे नुसते सांगून भागणार नाही. म्हणून आधी त्याच्या बाजूला जाऊन उभे राहावे, त्याच्या झगड्यात उतरावे. शब्द नंतर येतील. ईश्वरविज्ञान ही दुसरी पायरी आहे, पहिली नव्हे.

दारिद्र्य या शब्दाचे त्यांनी तीन अर्थ वेगळे काढले. अन्नवस्त्राचे दारिद्र्य ही एक वाईट गोष्ट आहे; देवाची ती इच्छा नाही, तिचे गोडवे गाऊ नयेत. दुसरा अर्थ मनाच्या नम्रतेचा, देवापुढे बालकासारखे होण्याचा. तिसरा अर्थ गरिबांच्या सोबतीला जाऊन स्वेच्छेने पत्करलेल्या साधेपणाचा. आणि तो पत्करायचा तोही दारिद्र्याचा गौरव म्हणून नव्हे, तर त्याचा निषेध म्हणून. पूर्वीच्या उपदेशात हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले होते आणि त्या घोटाळ्याचा लाभ नेहमी श्रीमंतांनाच होत होता. मुक्ती या शब्दाचेही त्यांनी तीन पदर दाखविले : आर्थिक व राजकीय दास्यातून मुक्ती, माणसाने आपला इतिहास स्वतः घडविण्याची मुक्ती आणि पापापासून मुक्ती. हे तीन पदर एकाच वस्त्राचे आहेत. एक ओढला की दुसरे दोन ताणले जातात.

पण विचार ग्रंथात राहिला असता तर त्याला कोणी भ्यायले नसते. तो खेड्यात आणि झोपडपट्टीत उतरला. ब्राझीलसारख्या अफाट देशात धर्मगुरूंची संख्या नेहमीच तोकडी. एखाद्या पाड्यावर वर्षातून एकदोनदाच धर्मगुरू यायचा. तेव्हा लोकांनी स्वतःच एकत्र जमावे, शास्त्रपाठ वाचावा आणि त्यावर बोलावे, अशी रीत पडली. पंधरावीस कुटुंबांची ही लहान मंडळे हजारोंनी उभी राहिली. त्यांना 'तळच्या मंडळ्या' म्हणत. संध्याकाळी काम आटोपून माणसे जमत. ज्याला वाचता येई तो वाची. बाकीचे ऐकत आणि मग बोलत. मिसर देशातील दास्यातून मोशेने इस्राएली लोकांना बाहेर काढले ही कथा त्यांनी पूर्वीही ऐकली होती. पण विटा थापणाऱ्या गुलामांची ती कथा आता विटा थापणारी माणसेच एकमेकांना वाचून दाखवीत होती. वाचणारा बदलला आणि कथाही बदलली. मग बोलता बोलता गोष्ट गावच्या पाण्यावर येई, जमिनीच्या खंडावर येई, मुकादमाच्या हिशेबावर येई, आणि उद्या कचेरीत अर्ज घेऊन कोणी कोणी जायचे हे ठरे.

या रीतीला पावलो फ्रेइरे या ब्राझिली शिक्षकाच्या कार्याची मोठी जोड मिळाली. १९६३ मध्ये अंजिकोस नावाच्या गावी त्यांनी सुमारे तीनशे निरक्षर मजुरांना ४० तासांत वाचायला शिकविण्याचा प्रयोग केला. त्यांची पद्धत अशी की, अक्षर एकटे शिकवायचे नाही. ज्या शब्दाशी माणसाचे जीवन बांधलेले आहे, तो शब्द घ्यायचा. समजा 'वीट' हा शब्द घेतला. वीट कोण भाजतो? विटेच्या घरात कोण राहतो? भाजणाऱ्याचे घर कुडाचे का? अक्षर आणि प्रश्न हातात हात घालून येत. त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षराला मताचा अधिकार नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे मजुराला अक्षर शिकविणे हा राज्यकर्त्यांना धोका का वाटला ते कळते. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि फ्रेइरे यांना तुरुंगात टाकले. पुढे ते परदेशी गेले.

आता आपण पुन्हा आर्चबिशप रोमेरो यांच्याकडे येऊ. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्यांची नेमणूक झाली तेव्हा जमीनदारांना आनंद झाला आणि गरीब वस्त्यांत काम करणारे धर्मगुरू हिरमुसले. रोमेरो हे पुस्तकांत रमणारे, भिडस्त, जुन्या वळणाचे गृहस्थ. त्यांच्याकडून कोणाला उपद्रव होणार नाही, असाच सर्वांचा समज होता. परंतु नेमणुकीला महिना होतो न होतो तोच, १२ मार्च १९७७ या दिवशी, त्यांचे मित्र फादर रुतिलियो ग्रांदे यांना रस्त्यात गाठून ठार मारण्यात आले. ग्रांदे शेतमजुरांमध्ये अशाच मंडळ्या चालवीत होते. त्यांच्याबरोबर मोटारीत एक म्हातारा आणि एक कोवळा मुलगा होता. तेही मारले गेले. रात्री रोमेरो त्या गावी पोहोचले. तीन प्रेते आणि भोवती बसलेले शेतमजूर त्यांनी पाहिले. त्या रात्री त्यांच्या मनात काय उलथापालथ झाली ते देव जाणे. पण दुसऱ्या दिवशीपासून निराळाच माणूस दिसू लागला. पुढच्या एका रविवारी धर्मप्रांतातील सर्व चर्चमधली मिस्सा बंद ठेवून मुख्य चर्चमध्ये एकच मिस्सा होईल, असे त्यांनी जाहीर केले. धनिकांना आपल्या वस्तीतल्या चर्चमध्ये वेगळे बसण्याची सोय त्या दिवशी उरली नाही. त्या मिस्सेला प्रचंड समुदाय लोटला.

त्यानंतरची तीन वर्षे म्हणजे ती रविवारची प्रवचने. हरवलेल्या मुलांच्या आया त्यांच्याकडे येत आणि ते त्यांची नावे लिहून घेत. फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांना पत्र लिहून, आमच्या सरकारला शस्त्रांची मदत देऊ नका, अशी विनंती केली. २३ मार्च १९८० च्या रविवारी त्यांनी थेट सैनिकांना उद्देशून सांगितले की, तुम्ही ज्यांना मारता ते तुमचेच भाऊबंद आहेत. देवाच्या आज्ञेविरुद्ध दिलेला हुकूम मानण्यास कोणताही सैनिक बांधलेला नाही. आणि अखेरीस, देवाच्या नावाने, हे दमन थांबवा, अशी त्यांनी विनवणी केली. नव्हे, आज्ञाच केली. शेतकऱ्यांच्याच घरातून सैन्यात भरती झालेल्या पोरांच्या कानी हे शब्द पडत होते. दुसऱ्या दिवशी, २४ मार्चच्या संध्याकाळी, कर्करोग्यांच्या एका रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरात ते मिस्सा करीत असता दारातून एकच गोळी आली. रोमेरो वेदीपाशीच कोसळले.

त्यांच्या अंत्ययात्रेवरही गोळ्या झाडल्या गेल्या. नंतर बारा वर्षे यादवी युद्ध चालले आणि त्यात सुमारे ७५ हजार माणसे मेली. १६ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री सैनिकांनी तेथील विद्यापीठाच्या आवारात शिरून इग्नासियो एल्याकुरिया आणि त्यांचे पाच जेझुइट सहकारी यांना मारले. साक्षीला कोणी राहू नये म्हणून त्यांच्याकडे काम करणारी बाई आणि तिची मुलगी यांनाही सोडले नाही. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने रोमेरो यांच्या खुनाचा हुकूम देणाऱ्याचे नाव उघड केले. पण त्या खुनाबद्दल आजवर कोणाही गुन्हेगाराला शिक्षा झालेली नाही.

इतके सांगितल्यावर या विचाराच्या टीकाकारांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. नाहीतर विवेचन एकांगी होईल. पहिला आक्षेप रोमहूनच आला. १९८४ मध्ये कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांनी, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले, असा इशारा दिला की, मार्क्सचे वर्गयुद्ध उसने घेतले म्हणजे शुभवर्तमानाचे राजकारण होते आणि पापाचे मूळ माणसाच्या अंतःकरणात आहे याचा विसर पडतो. १९८५ मध्ये ब्राझीलचे लिओनार्दो बॉफ यांना काही काळ मौन पाळण्याची आज्ञा झाली. त्यांचा मुख्य अपराध मात्र मार्क्सविषयी नव्हता. खुद्द चर्चमधील सत्ता कोणाच्या हाती असावी, हे त्यांनी विचारले होते. आर्थिक आणि राजकीय वर्चस्वाचा निषेध धर्मपीठाला एक वेळ चालतो. धार्मिक वर्चस्वाचा प्रश्न निघाला म्हणजे तेच पीठ अस्वस्थ होते. पण १९८६ मध्ये रोमहूनच दुसरे निवेदन निघाले आणि त्यात मुक्तीच्या आकांक्षेचा बराच आदराने स्वीकार केलेला होता, हेही नमूद करणे न्यायाचे होईल.

दुसरा आक्षेप हिंसेचा. कोलंबियातील कामिलो तोरेस हे समाजशास्त्रज्ञ धर्मगुरू बंडखोरांना जाऊन मिळाले आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये पहिल्याच चकमकीत ठार झाले. त्यांच्या त्यागाविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागेल की, त्या बंदुकीने शेतमजुराच्या हाती काही दिले नाही. निकाराग्वाची कथा याहून बोधप्रद आहे. तेथील कवी-धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल यांनी सोलेंतिनामे बेटांवर कोळी आणि शेतकरी यांच्यासह शुभवर्तमानाचे वाचन चालविले होते. १९७९ मध्ये हुकूमशाही उलथली आणि कार्देनाल क्रांतिकारी सरकारात मंत्री झाले. १९८३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी विमानतळावर त्यांना सर्वांदेखत बोट दाखवून दटावले ते छायाचित्र जगभर गाजले. पण कथा तेथे संपत नाही. क्रांतीचे नेतेच नवे धनी होऊ लागले, तेव्हा कार्देनाल यांनी १९९४ मध्ये तो पक्ष सोडला आणि २०२० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्या राजवटीवर टीका करीत राहिले. लास कासासला उशिरा मिळालेला धडा तो हाच. बेडी कोणाच्या पायात आहे एवढेच पाहून भागत नाही. ती घडविणारी भट्टी विझली की नाही तेही पाहावे लागते.

तिसरी गोष्ट टीका नव्हे, वस्तुस्थिती आहे. चर्चने गरिबांचा पक्ष घेतला, पण गरिबांपैकी पुष्कळांनी भावभक्तीच्या नव्या पेंटेकोस्टल पंथांचा रस्ता धरला, असे तिकडे खेदाने आणि थोड्या विनोदाने म्हटले जाते. दिवसभर राबलेल्या माणसाला केवळ समाजाचे विश्लेषण पुरत नाही. त्याला गाणे हवे असते, आजारात डोक्यावर हात हवा असतो. स्त्रियांनीही आपले गाऱ्हाणे मांडले : मुक्तीच्या या ग्रंथांत गरीब म्हणजे बहुधा पुरुषच दिसतो, आणि मंडळीत खपणाऱ्या बायका वेदीपासून दूरच राहतात. ही तक्रार खोटी नव्हती.

हा विचार आपल्या देशात आला तेव्हा त्याची गाठ एका निराळ्याच जुन्या दुखण्याशी पडली. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी असा मुद्दा मांडला की, भारतातील ख्रिस्ती पंडितांनी आजवर संवाद केला तो उच्चवर्णीयांच्या तत्त्वज्ञानाशी. पण भारतीय ख्रिस्ती समाजात फार मोठा भाग पूर्वास्पृश्यांचा आहे आणि त्यांच्या वेदनेला या ईश्वरविज्ञानात जागाच नाही. लॅटिन अमेरिकेचे गणितही येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. कारण ते वर्ग पाहते, जात पाहत नाही. पुढे 'दलित ईश्वरविज्ञान' म्हणून जी शाखा वाढली तिच्या मुळाशी हे विवेचन आहे. धर्म बदलला तरी काही ठिकाणी स्मशानभूमीतली भिंत मात्र तशीच राहिली, ही लाजिरवाणी गोष्ट तिने लपविली नाही.

येथे बाबासाहेब आंबेडकरांची आठवण अपरिहार्य आहे. त्यांनी १९२० मध्ये पत्र काढले त्याचे नावच मुळी 'मूकनायक'. मेदेयीनच्या परिषदेआधी बारा वर्षे, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे त्यांनी लाखोंच्या समुदायासह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि पुढच्याच महिन्यात काठमांडू येथे बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करून, दुःख व शोषण नाहीसे करण्याचा बुद्धाचा मार्ग त्यांनी श्रेयस्कर ठरविला. गुतियेरेस आपल्याच धर्मग्रंथाचे खालच्या पायरीवर बसून पुनर्वाचन करतात. आंबेडकर ते घर सोडून दुसरे बांधतात. वाटा निराळ्या. पण धर्म माणसाला ताठ उभे करतो की वाकवितो, ही कसोटी दोघांचीही एकच आहे.

अलीकडच्या वर्षांत काळाचे चक्र थोडे फिरले. २०१३ मध्ये लॅटिन अमेरिकेतूनच आलेले पोप फ्रान्सिस यांनी गुतियेरेस यांचे रोममध्ये स्वागत केले. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी रोमेरो यांना संतपद देण्यात आले. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी गुतियेरेस वयाच्या ९६ व्या वर्षी लिमा येथे निवर्तले. ज्यांना एके काळी संशयाने पाहिले गेले, त्यांच्या तसबिरी आता भिंतीवर लागल्या आहेत. मला मात्र तसबिरींची थोडी भीती वाटते. संताला हार घालणे सोपे असते. त्याने वाचलेली यादी पुन्हा वाचणे कठीण असते.

रोमेरो यांना लोक मुक्यांची वाचा म्हणत. ही पदवी मोठी आहे. पण तिच्यात एक धोकाही आहे. दुसऱ्याची वाचा होणारा माणूस कितीही थोर असला तरी एका गोळीने त्याला गप्प करता येते. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात एकमेकांना वाचून दाखविणाऱ्या, चुकत अडखळत बोलणाऱ्या, आणि उद्या कचेरीत कोण जाणार हे ठरविणाऱ्या माणसांना तसे गप्प करता येत नाही; कारण तेथे कोणी दुसऱ्यासाठी बोलत नसतो. मुक्तीच्या ईश्वरविज्ञानाचा खरा वारसा मला तेथे दिसतो. नभोवाणी-केंद्र बाँबने उडविता येते. पण त्या रविवारी आपल्या मुलाचे नाव मोठ्याने उच्चारलेले जिने ऐकले, ती आई दुसऱ्या दिवशी ते नाव स्वतःच्या तोंडाने उच्चारू लागली असेल, तर ते केंद्र आपले काम करून गेले असे म्हटले पाहिजे.